चिंचोक्यांची अक्षरे

नातू कन्नड शाळेत जाऊ लागला तेव्हा सूनबाई म्हणाली, "आई, मराठी वाचायला तुम्हीच शिकवा हं." तीस वर्षे बेळगावच्या प्राथमिक शाळेत शिकवलेली मी; मला काय अवघड? पाटीवर 'अ' काढून दिला आणि म्हटले, गिरव. तिसऱ्या दिवशी पाटी पाहताच पोर न्हाणीघरात जाऊन लपले.

त्या दाराशी उभी असताना मला शाळेतली एक मुलगी आठवली. 'ग' उलटा काढायची म्हणून मी तिच्या बोटांवर पट्टी मारली होती. त्यानंतर ती पुस्तक उघडायलाच भ्यायची.

खरे तर मॉन्टेसोरीबाईंची खरखरीत अक्षरे आम्ही ट्रेनिंगला असताना परीक्षेपुरती पाठ केली होती. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले असे परिसरातलेच सामान वापरले, हेही लिहून मार्क मिळवले होते. वर्गात मात्र पट्टीच नेली.

मग पाटी ठेवून दिली. जमिनीवर खडूने मोठा 'ग' काढला आणि त्यावर चिंचोके मांडायला बसलो. पॉलिशपेपरचे 'र' आणि 'म' कापून पुठ्ठ्यावर चिकटवले. त्यावर बोट फिरवायचे आणि तोंडाने आवाज काढायचा, एवढाच खेळ. आठवड्याने तिन्ही अक्षरे त्याच्यापुढे ठेवली. त्याने 'गरम' लावले. मी 'म' उचलून सगळ्यांत पुढे ठेवला. बोट फिरवत तो पुटपुटला, "म... ग... र... मगर!" आणि घरभर मगर होऊन सरपटला.

दिवाळीत रांगोळीचे ताट घेऊन त्याला 'क' शिकवत होते. त्याने माझेच बोट धरले. "आज्जी, शाळेतला क असा." मी काढला, चुकला. "डोक्यावर रेघ नको, तलकट्टू दे," म्हणत त्याने ताट हलवून रांगोळी सारखी केली आणि पुन्हा माझे बोट धरले. चार वेळा चुकले. पट्टी कुणी उगारली नाही.

परवा स्टँडवर कडोलीची बस लागली होती. जन्मभर मी शेजारच्याला विचारून बसमध्ये चढत आले. त्या दिवशी पाटीवरचे पहिले अक्षर ओळखले आणि कुणाला न विचारता चढले.

ती मुलगी आता कुठे असते, ठाऊक नाही.