तळाशीं बसलेला दगड

लंडनला आमच्या चिरंजिवांच्या घरीं पोंचल्यावर दुसऱ्याच दिवशीं सकाळीं सौभाग्यवतींनीं चहाचा पेला माझ्यापुढें धरला आणि विचारलें, "हें काय आहे हो?" चहावर पातळ, करड्या रंगाची साय आली होती. दूध ताजें, पेला स्वच्छ आणि चहा तर पुण्याहून बरोबर नेलेला! पस्तीस वर्षें शाळेंत रसायनशास्त्र शिकविलेल्या माणसाला असा प्रश्न विचारणें म्हणजे व्याख्यानाचें आमंत्रण देणेंच होय. मीं विजेच्या किटलीचें झांकण उघडून पाहिलें. तळाला पांढरा, खडबडीत थर बसला होता आणि त्याच्या कपच्या पाण्यांत तरंगत होत्या. "दोष चहाचा नाहीं, पाण्याचा आहे," असा मीं निकाल दिला.

लंडनच्या खालीं आणि सभोंवतीं खडूच्या दगडाचे थर आहेत. पावसाचें पाणी हवेंतील व मातींतील कार्बन डायॉक्साईड वायु बरोबर घेऊन त्या दगडांत मुरतें आणि त्याचा कांहीं अंश आपल्यांत विरघळवून घेतें. तें पाणी तापविलें म्हणजे वायु उडून जातो व विरघळलेला खडू पुन्हा दगड होऊन भांड्याला चिकटतो. साखर गरम पाण्यांत अधिक विरघळते हें लहान मुलालाहि ठाऊक असतें. पण ह्या दगडाची रीत उलटी आहे. पाणी जितकें तापेल तितका तो अधिक बाहेर पडतो. म्हणून जेथें आंच लागते तेथेंच तो नेमका घर करतो. आमच्या लहानपणीं विहिरीच्या पाण्यानें तांब्याच्या बंबाची नळी अशीच पांढरी होई, आणि दिवाळीपूर्वीं आजी त्याच्या पोटांत चिंचेचें पाणी घालून तें रात्रभर ठेवीत असे. आम्लानें चुन्याचा दगड विरतो, हा रसायनशास्त्राचा पहिला धडा मीं पुस्तकांत वाचण्यापूर्वीं बंबांत पाहिला होता.

किटलीचा थर मीं लिंबाच्या सत्त्वानें अर्ध्या तासांत काढला. ही कीर्ति चिरंजिवांच्या कानीं गेली. ते जरा घुटमळत म्हणाले, "बाबा, आणखी एक भांडें आहे. तुम्ही पहाल काय?"

मोटारीच्या खोलींत एका कोपऱ्यांत तें झांकून ठेवलें होतें. न गंजणाऱ्या पोलादाचें, तीस लिटर पाणी मावेल एवढें. खालीं तोटी, तळाशीं विजेची शेगडी. मला प्रथम वाटलें, हा आंघोळीच्या पाण्याचा विलायती बंब असावा. परंतु शेजारच्या पोत्यानें तो भ्रम दूर केला. पोत्यांत मोड आणून वाळविलेले जव होते, आणि एका पुडींत हॉप नांवाच्या वेलीचीं सुकलेलीं फुलें. आमचे चिरंजीव घरीं बिअर करीत असत!

येथें घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९०८ सालीं पुण्यांत दारूच्या दुकानांपुढें उभें राहून गिऱ्हाइकांना परत फिरविण्याची जी चळवळ लोकमान्य टिळकांच्या पुरस्कारानें झाली, तींत माझे आजोबा स्वयंसेवक होते. ती हकीकत आमच्या घरीं गणपतीच्या आरतीइतक्या नियमानें सांगितली जाई. औषध म्हणून देखील ब्रँडीची बाटली आमच्या उंबऱ्याच्या आंत आली नाहीं. सरकारी कायद्याचा येथें प्रश्न नव्हता. इंग्लंडांत घरीं बिअर करण्यास लागणारा परवाना १९६३ सालींच रद्द झाला आणि ती विकली नाहीं म्हणजे झालें. पण घराण्याचा कायदा निराळा असतो. चिरंजीव माझ्याकडे न पहातां भांड्याकडे पहात होते. मीहि भांड्याकडेच पाहिलें आणि म्हणालों, "थर बराच जुना दिसतो." त्या दिवशीं आम्हां दोघांनाहि एवढेंच बोलतां आलें.

मनांतला राग मनुष्य कोठें तरी काढतोच. मीं तो भांड्यावर काढावयाचें ठरविलें. लिटरभर कोमट पाण्यास दोन मोठे चमचे, ह्या प्रमाणांत लिंबाचें सत्त्व घेतलें. कढत पाणी मुद्दाम घेतलें नाहीं. कारण फार तापविल्यास हें आम्ल आणि चुना मिळून एक निराळाच सांका तयार होतो व एक दगड काढतां काढतां दुसरा बसतो. आंत तें पाणी पडतांच फसफसून बुडबुडे आले आणि पांढरा थर विरूं लागला. मी विजयी मुद्रेनें पहात राहिलों. पण पांढरें गेलें तसें त्याच्या खालचें दिसूं लागलें. तळावर आणि बाजूंवर पिवळट-तपकिरी रंगाचें एक कातडें घट्ट बसलें होतें. त्यावर एकहि बुडबुडा येईना. मीं सत्त्व दुप्पट केलें, भांडें रात्रभर भिजत ठेवलें. सकाळीं कातडें होतें तसेंच!

तेव्हां मीं तारेची घासणी उचलली. इतक्यांत चिरंजिवांनीं माझा हात धरला. "नको, बाबा! तारेनें नको."

त्यांचें म्हणणें खरें होतें, आणि मी तें रागाच्या भरांत विसरलों होतों. १९१३ सालीं शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यांनीं जें न गंजणारें पोलाद तयार केलें, त्याचें मर्म क्रोमियम ह्या धातूंत आहे. क्रोमियम हवेंतील प्राणवायूशीं मिळून पोलादावर डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा धरतें व तोच त्याचें रक्षण करतो. तो कोठें फाटला तरी स्वच्छ हवा लागतांच पुन्हा आपोआप धरतो. परंतु लोखंडी तारेचे कण पोलादांत रुतून बसले म्हणजे ते गंजतात. आणि ओरखड्यांत पुढचा थर अधिकच पक्का बसतो. मोरी धुण्याचें मिठाचें तेजाब किंवा कपडे पांढरे करण्याचें क्लोरिनयुक्त पाणी वापरलें, तर पोलादाला बारीक बारीक खड्डे पडतात. थोडक्यांत, बळानें किंवा जहालपणानें हें काम होण्यासारखें नव्हतें.

रात्रीं झोंप येईना. माझी चूक कोठें झाली? विचार करतां करतां लक्षांत आलें, कीं मीं थराचा रंग पाहिला, पण त्याचें कुळ विचारलें नाहीं. त्या भांड्यांत नुसतें पाणी थोडेंच उकळत होतें? तासभर उकळत असे तो जवाचा काढा. जवांत ऑक्झॅलिक आम्लाचा अंश असतो. त्याची पाण्यांतील कॅल्शियमशीं गांठ पडली कीं कॅल्शियम ऑक्झॅलेट तयार होतें, आणि धान्यांतील प्रथिनांचा चिकटा घेऊन तें भांड्याला बसतें. बिअर करणारे त्याला बिअरचा दगडच म्हणतात. आपल्याकडे अळू घशाला खवखवतें तें ह्याच पदार्थाच्या सूक्ष्म स्फटिकांमुळें. लिंबाच्या सौम्य आम्लाला तो दाद देत नाहीं. शिवाय प्रथिनांचें पांघरूण वर असल्यामुळें आम्ल त्याच्यापर्यंत पोंचतच नाहीं.

आणि मग मला आठवलें: सहा वर्षांपूर्वीं माझ्या मूत्रपिंडांतून निघालेला खडा डॉक्टरांनीं तपासून घेतला होता. अहवालावर तेंच नांव होतें, कॅल्शियम ऑक्झॅलेट! ज्यानें जन्मांत बिअरचा थेंब चाखला नाहीं, त्यानें तोच दगड आपल्या देहांत बाळगला होता. मला अंधारांत एकट्यालाच हंसूं आलें. सौभाग्यवती जाग्या होऊन म्हणाल्या, "बरें वाटतें ना?" मीं म्हटलें, "पुष्कळ दिवसांनीं बरें वाटतें आहे."

दुसऱ्या दिवशीं रविवार होता. आम्हीं दोघांनीं मिळून कामाला आरंभ केला. प्रथम धुण्याच्या सोड्याचें कढत पाणी. त्यानें प्रथिनांचें पांघरूण सुटतें. मग भांडें स्वच्छ पाण्यानें खळखळून धुणें; आणि त्यानंतर फॉस्फरिक व नायट्रिक आम्लांचें, ह्याच कामासाठीं विकत मिळणारें मिश्रण, वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणांत, हातांत मोजे व डोळ्यांवर चष्मा घालून. मोठ्या दुग्धालयांतहि हाच क्रम असतो, कारण तापलेल्या दुधाचाहि भांड्यांना असाच दगड धरतो. आधीं क्षार, मग आम्ल; मध्यें भरपूर पाणी. आणि एक पथ्य गृहिणींनीं विशेष लक्षांत ठेवावें: क्लोरिनयुक्त पाणी व कोणतेंहि आम्ल हीं कधींहि एकत्र करूं नयेत. त्यांतून जो वायु निघतो तोच १९१५ सालीं ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला होता.

हात सोड्याच्या पाण्यांत असतां बोलणें सोपें जातें. दोन दिवस न विचारलेला प्रश्न मीं तेव्हां विचारला. "किती घेतोस?"

चिरंजीव कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "आतां घेत नाहीं. गेल्या वर्षीं घेत होतों, बाबा. माझी नोकरी गेली होती. तुम्हांला कळविलें नाहीं. चार महिने घरीं होतों, आणि हें भांडें दर आठवड्याला चढत होतें. एके दिवशीं माझी मलाच भीति वाटली. त्या दिवशीं जें झांकून ठेवलें, तें धुतलेंहि नाहीं. थर वाळला तो तेव्हां."

त्या चार महिन्यांत आम्ही दर रविवारीं टेलिफोनवर बोलत होतों, हवापाण्याविषयीं! मीं एकदांहि कांहीं निराळें विचारलें नव्हतें आणि त्यांना सांगावेंसें वाटलें नव्हतें. आजोबांची हकीकत ज्या घरांत इतक्या अभिमानानें सांगितली जाते, त्या घरीं ही गोष्ट कोणत्या तोंडानें सांगावी, असें त्यांना वाटलें असेल तर नवल नाहीं.

"आतां नवी नोकरी आहे," ते म्हणाले. "कधीं मधीं करावी असें वाटतें. मला तें काम आवडतें. पण हें भांडें उघडलें कीं नको होतें."

मी क्षणभर थांबलों. भांडें असेंच राहूं दिलें तर? स्वच्छ करून मी त्यांच्या हातीं काय देत होतों? पण मला वाटलें, मुलाला आंवर घालण्याचें काम घाणेरड्या भांड्यावर सोंपविणें कांहीं बरें नव्हे. तो आंवर त्यांनीं एकदां स्वतःच घातला होता, आणि तोहि आम्ही कोणी जवळ नसतां. मीं दुसरें आम्लाचें पाणी ओतलें. थोड्या वेळानें तें तपकिरी कातडें ओल्या कागदासारखें सुटूं लागलें. मऊ फडक्यानें पुसतांच खालून पोलाद चकाकलें. आम्हीं तें चार वेळां धुतलें आणि झांकण न ठेवतां हवेवर वाळत ठेवलें.

पुण्यास परतून आतां तीन महिने झाले. परवां चिरंजीव टेलिफोनवर म्हणाले, "बाबा, एक खेप केली. भांडें त्याच रात्रीं धुतलें." मला पहिलें वाक्य फारसें आवडलें नाहीं, हें लपविण्यांत अर्थ नाहीं, पण दुसरें ऐकून बरें वाटलें, आणि दोन्ही त्यांनीं आपण होऊन सांगितलीं ह्याचें अधिक बरें वाटलें. मग त्यांनीं विचारलें, "आणि तुम्ही दिवसाला पाणी किती पितां?"

मीं खरें तें सांगितलें. "कमी पितों."