गुहागरचा अनंत

कुलदैवताच्या दर्शनास जावें व परततांना प्रसादाबरोबर एखादें रोप आणावें, अशी आमच्या घरची जुनी चाल आहे. तीन वर्षांपूर्वीं मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्यावर आम्ही मंडळी कऱ्हाडहून निघालों. कोयनानगर मागें टाकून कुंभार्ली घाट उतरलों, तों काळी माती संपून तांबडी लागली. चिपळूणवरून गुहागरीं पोहोंचलों, श्रीव्याडेश्वराचें दर्शन घेतलें आणि थोरल्या वहिनींच्या माहेरीं उतरलों.

घरामागें नारळीपोफळींचें आगर, त्यापलीकडे समुद्र. विहिरीपाशीं पुरुषभर उंचीचा अनंत शुभ्र फुलांनीं डवरला होता. मूळचें हें झुडूप चीनकडचें. परंतु कोंकणांत तें असें रुळलें आहे कीं, त्यास परकें म्हणवत नाहीं. पानें बारमास हिरवीं व तुकतुकीत. फूल उमलतांना दुधासारखें, सुकूं लागतांना पिवळसर. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ह्याचें एक रोप आपल्या अंगणांत लागेल का?" त्यांस आमच्या घरीं येऊन चाळीसांवर वर्षें झालीं, माहेरचें म्हणून त्यांनीं मागितलेली ही पहिलीच वस्तु.

रोप मोठ्या कौतुकानें लाविलें. विहिरीचें पाणी, शेणखत आणि वर बंबांतील राख, असा आमचा क्रम चालला. दिवाळीपर्यंत शेंड्याकडचीं कोंवळीं पानें पिवळीं पडलीं. शिरा मात्र हिरव्या राहिल्या. आम्हीं राख वाढविली. पुढल्या ज्येष्ठांत चार कळ्या आल्या, त्याही न उमलतां गळल्या. शेजारची कण्हेर त्याच मातींत माजली होती! वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. पण सकाळीं परडी घेऊन जातांना त्या झाडापाशीं थांबेनाशा झाल्या.

त्याच पावसाळ्यांत पुन्हां गुहागरीं गेलों, तेव्हां वहिनींच्या बंधूंनीं सारें ऐकून एकच प्रश्न केला, "मास्तर, राख घालतां काय?" आम्हीं होकार देतांच ते हंसले. अनंताला आंबट माती लागते. आमच्या काळ्या जमिनींत चुनखडीचा अंश, विहिरीचें पाणी जड, त्यांत राख क्षारयुक्त. अशा मातींत लोह असलें तरी तें मुळांना घेतां येत नाहीं, म्हणून नवीं पानें पिवळीं होतात. खालचीं जुनीं पानें आधीं पिवळीं झालीं, तर तो खताच्या उपासाचा रोग, हा नव्हे. पस्तीस वर्षें वर्गांतील सर्व मुलांस आम्हीं एकच खत घातलें कीं काय, ह्या शंकेनें परतीच्या वाटेवर आम्हांस सोडलें नाहीं.

पोतेंभर तांबडी माती बरोबर आणिली. मोठ्या कुंडींत ती व कुजलेला पालापाचोळा घालून झाड त्यांत बसविलें. तळास निचऱ्याचें भोंक ठेविलें. सकाळचें ऊन, दुपारची सावली. पागोळ्यांचें पाणी पिंपांत धरून तें घातलें. राख व चुना वर्ज्य. छाटणी करावयाची ती बहर ओसरतांच. उशीर केल्यास पुढील वर्षाच्या कळ्या कापल्या जातात. पहिलें वर्ष पानें हिरवीं होण्यांतच गेलें.

यंदा ज्येष्ठांत पांच फुलें उमललीं. वहिनींनीं चार देवास वाहिलीं. पांचवें ओंजळींत धरून त्या ओटीवर बराच वेळ बसल्या होत्या. आम्ही बोलावयास गेलों नाहीं.