माया

बाजूच्या शिवणीत माया किती ठेवायची, एक इंच की दीड? चार दिवस झाले, हे काही मनातून जात नाही. शिवणकामात माया म्हणजे शिवणीच्या आत राहणारं जादा कापड. अंग भरलं की टीप उसवायची आणि तेवढं सैल करून घ्यायचं. बावीस वर्षं मी गोधड्या शिवते आहे, पण हा शब्द मला कधी लागला नव्हता.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असं म्हणतात. गोधडी शिवणारीला ही म्हण जरा निराळी ऐकू येते. अंथरूण एवढंच का, हे ठरवलं कुणी? नऊवारी लुगडं घ्या. 9 वार म्हणजे 324 इंच. त्याची चौपदरी घडी घातली की 81 इंच, बरोबर पावणेसात फूट. उंच माणूसही त्यात पाय ताणून झोपतो. पुढे घरात सहावारी आली. ती 216 इंच. चौपदरी केली तर साडेचार फूट, लेकराच्या मापाची. म्हणून तिपदरी, 6 फूट, आणि उबेसाठी आत जुनं धोतर नाहीतर चादरीचे तुकडे. लुगडी गेली तशी आमच्या घरातली अंथरुणं पाऊण फुटानं आखूड झाली. म्हण पाय पसरणाऱ्याला बजावते. ज्या बाईच्या अंगावरून ते अंथरूण उतरलं, तिचं काय, हे मी इतक्या वेळा घोळवलं आहे की आता म्हणीचा मूळ अर्थच मला नीट लागत नाही.

सासूबाईंची सात लुगडी माझ्या गोधड्यांत गेली. आता त्यांचं पोलकं शिवायला घेतलं आहे, आयुष्यातलं पहिलं.

टेप घेऊन त्यांच्या पाठीशी उभी राहिले. इतक्या वर्षांत मी यांच्या फक्त पायांना हात लावला होता. डावा खांदा उजव्याहून अर्धा इंच खाली आहे. "त्याच कडेवर कळशी असायची," त्या म्हणाल्या. मी वहीत दोन खांद्यांची दोन मापं लिहिली.

गोधडीला कुणाचं अंग ठाऊक नसतं. कापड दुमडायचं, जोडायचं, कडेपासून धावदोरा घालत फिरत फिरत मध्यावर यायचं. एखादी ओळ वाकडी गेली तर पुढची तिला सांभाळून घेते. पोलक्यात आधी कात्री. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा खोल कापावा लागतो, कारण माणसाचे हात कामाला पुढे येतात. खोली कमी पडली की बगलेपुढे चुण्या पडतात. टू बाय टूचं कोरं कापड पुढ्यात घेऊन मी अर्धा तास नुसती बसून होते.

मापासाठी म्हणून त्यांचं जुनं पोलकं उसवलं. बाहेरून विटून करडं झालेलं, पण आतली माया गडद जांभळी. शिंप्यानं ठेवलेली ती कधी सोडवलीच नव्हती. उलट दोन वेळा आणखी आत घेतल्याच्या टिपा होत्या. त्यांचं अंग वर्षावर्षाला उतरतं आहे. मग माया कुणासाठी? जाड शिवण बगलेत टोचते, म्हातारं कातडं सोलवटतं. अर्धा इंचही पुरेल, आणि सुखाचं होईल. पण तेवढीच ठेवायला हात धजत नाही. हा हात कापड वाया न घालवण्याच्या सवयीचा, की आणखी कशाचा, मला सांगता येत नाही.

त्यांनाच विचारलं. "दीड ठेव," त्या म्हणाल्या, "पुढं तुला होईल."

मी काही बोलले नाही. दीड इंच धरून कापलं आहे. दोन्ही बाजू अजून कच्च्या टाक्यांवर आहेत.