परवानाधारक सेनापती

महाराष्ट्रात मद्याचा एक पेला ओठांना लावायचा तर सरकारचा परवाना लागतो. १९४९ सालचा दारूबंदी कायदा अद्याप जिवंत आहे, आणि परवान्यावाचून प्राशन करणारा इसम कायद्याच्या दृष्टीने आजही गुन्हेगारच ठरतो. मात्र त्याच इसमाने रात्री जेवणे आटोपल्यावर संगणकावर युद्धाचा खेळ उघडून तीस लाखांहून अधिक फौज रशियाच्या सरहद्दीपार लोटण्याचा हुकूम सोडला, तर त्याला कोणी दाखला मागत नाही, वय विचारीत नाही, की बाबा रे, तू शुद्धीवर आहेस काय, एवढीही चौकशी करीत नाही. नियंत्रण ठेवण्यासाठी सरकारने या दोहोंतली चुकीची बाब निवडली, असे म्हणण्याइतका मी धीट नाही. परंतु या दोन्ही बाबी एकाच मेजावर एकत्र आल्या म्हणजे काय घडते, हे मी माझ्या एका स्नेह्यांच्या सहवासात पुष्कळदा पाहत आलो आहे. आणि त्या मेजावर तिसरी जी वस्तू येते, म्हणजे गाणे, तिच्याविषयीही माझे काही म्हणणे आहे.

युद्धाचा हा बैठा खेळ नवा नव्हे. फॉन रायस्विट्स नावाच्या प्रशियन गृहस्थाने १८१२ साली आपल्या राजासाठी एक प्रशस्त मेज करवून घेतले होते, ज्यावर टेकड्या, नद्या आणि खेडी यांचे प्लास्टरचे तुकडे हवे तसे मांडून लढाई खेळता येई. त्याच्या लष्करी अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ साली खेळाचे नियम छापले आणि प्रशियाच्या सैन्याने ते शिक्षणाचे साधन म्हणून उचलले. पुढे अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स याने पुठ्ठ्याच्या सोंगट्या आणि छापील नकाशा एका पेटीत घालून सामान्य माणसाला सेनापती केले. १९८० साली ‘कॉम्प्युटर बिस्मार्क’ आला आणि सोंगट्यांचा हिशेब यंत्राकडे गेला. ज्या खेळाची कैफियत मी मांडणार आहे, तो गॅरी ग्रिग्सबी याचा २०१० सालचा ‘वॉर इन द ईस्ट’. त्यात नकाशावरचा एक षट्कोण म्हणजे दहा मैल, एक खेळी म्हणजे एक आठवडा, आणि २२ जून १९४१ पासून बर्लिनपर्यंतची मोहीम पुरी करायची तर अशा दोनशेहून अधिक खेळ्या. याच कर्त्याच्या पॅसिफिक महासागरावरील खेळात तर खेळी एकेका दिवसाची असते. पर्ल हार्बरपासून शरणागतीच्या सह्यांपर्यंत साडेतेराशेहून अधिक दिवस भरतात, त्यामुळे रोज रात्री नेमाने एक खेळी खेळणाऱ्याचे युद्ध प्रत्यक्ष युद्धाइतकीच वर्षे चालते. संसारी माणसाने कोणत्या नादी लागावे याला काही धरबंध नाही, हेच खरे.

माझे स्नेही हिशेबतपासनीस म्हणून निवृत्त झाले. नोकरीत असताना दीड रुपयाच्या व्हाउचरवर सही नसली तर अख्खे दफ्तर अडवून धरणारा हा माणूस. रात्री ते ओल्ड मंकची बाटली, पाण्याचा तांब्या आणि बशीभर खारे शेंगदाणे घेऊन संगणकापुढे बसतात, तेव्हा पहिल्या पेल्यापर्यंत त्यांच्यातला तपासनीस जागा असतो. पडद्यावरच्या प्रत्येक सोंगटीच्या अंगावर तिचे लढाईचे बळ आणि उरलेली चाल असे बारीक आकडे असतात. स्नेही चष्मा कपाळावर सरकवून, पडद्याला नाक लावून ते वाचतात. रशियाचे लोहमार्ग जर्मनीच्या मार्गांहून सुमारे नऊ सेंटिमीटर रुंद, तेव्हा जिंकलेल्या मुलुखातला रूळ जर्मन मापाचा केल्याखेरीज दारूगोळा आणि इंधन पुढे जायचे नाही; आणि हे काम करणारी पथके मोजकीच, ती एकेक षट्कोण करीत रांगत पुढे जायची. पहिल्या पेल्याचे स्नेही सर्वांत आधी या पथकांना हात घालतात. मिन्स्कच्या रस्त्याला कोणते, लेनिनग्राडच्या रस्त्याला कोणते, हे ठरवून मगच रणगाड्यांकडे वळतात.

दुसऱ्या पेल्याला क्रम उलटा होतो. तिसऱ्याला रेल्वेची पथके साफ विस्मरणात जातात. रणगाड्यांच्या सोंगट्या नीपर ओलांडून, स्मोलेन्स्क मागे टाकून पूर्वेकडे धावू लागतात, आणि त्यांच्या मागे तीस-तीस षट्कोणांपर्यंत रुळाचा पत्ता नसतो. मी म्हणतो, “अहो, रसदीचं काय?” ते पडद्यावरची नजर न काढता म्हणतात, “रसद येईल हो मागनं. मॉस्को दिसायला लागलंय, आता थांबतो कोण!” पुढच्या खेळीला त्याच सोंगट्यांवरचे चालीचे आकडे आटलेले असतात, आणि ज्या चिलखती डिव्हिजनने कालपर्यंत शंभर मैल मारले ती आज दोन षट्कोण सरकायला तयार नसते. तेव्हा माझे स्नेही संगणकाला दोष देतात.

मद्याने डाव बिघडतो तो हात कापू लागल्यामुळे, असा एक समज आहे. या खेळात हाताला फारसे कामच नाही. वेळेची घाई नाही, नेमबाजी नाही, रात्रभर एकाच नदीकडे पाहत बसलात तरी शत्रू शिष्टाचाराने तुमची वाट पाहतो. बिघडते ते निराळेच. मद्य माणसाला धैर्य देते, आणि घरात बसलेल्या सेनापतीला धैर्य कशाला हवे? त्याला गोळी लागायची नाही, थंडी वाजायची नाही, पराभव झाला म्हणून कोणी त्याला दरबारात उभे करायचे नाही. धैर्य त्याच्यापाशी फुकटचे आणि अमर्याद असते. त्याच्यापाशी खरोखर मोजके असते ते अवधान, म्हणजे पूल, रूळ, इंधन, पाऊस, मागची शिबंदी आणि शत्रूची राखीव फौज या साऱ्या गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवण्याची शक्ती. आणि पेल्यागणिक नेमकी तीच खर्ची पडते. जे मुबलक आहे ते आणखी मिळाले आणि जे दुर्मीळ आहे ते गेले, असा हा आतबट्ट्याचा व्यवहार होय.

मराठी माणसाला हे कोणी परक्याने शिकवायला नको. भाऊसाहेब पानिपतावर अडकून पडले तेव्हा छावणीत तोफखाना होता, गारद्यांची कवायती फौज होती, पराक्रमाची तर वाणच नव्हती. अब्दालीची रसद मारण्याच्या कामगिरीवर असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले, दाणागोटा यायच्या वाटा बंद झाल्या, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी जी सेना रणात उतरली ती उपाशी होती. आपण शाळेत विश्वासरावांना लागलेल्या गोळीविषयी पुष्कळ ऐकतो, धान्याविषयी त्या मानाने कमी. आणि मला वाटते, रात्रीच्या तिसऱ्या पेल्यानंतर तर इतिहासातले धान्य कोणालाच आठवत नाही.

आता गाण्याविषयी. या खेळांना स्वतःचे संगीत असते, बहुधा तुताऱ्या आणि पडघम यांचे. ते पहिल्याच रात्री बंद करावे, इतके ते सर्वसामान्य असते. माझे स्नेही बालगंधर्वांची पदे लावतात. यात त्यांच्या रसिकतेचा गौरव असला तरी फौजेची धडगत नाही, कारण पद म्हटले की शब्द आले, शब्दांमागून अर्थ आला, अर्थामागून दाद आली, आणि दाद देणाऱ्याच्या मुठीत त्या वेळी माऊस असतो. अशाच एका दादेच्या भरात एक अख्खी चिलखती डिव्हिजन प्रिपेतच्या दलदलीत जाऊन बसल्याचे मी या डोळ्यांनी पाहिले आहे.

माझी स्वतःची पसंती विलंबित ख्यालाला, आणि त्यातही उस्ताद अमीर खाँ यांच्या मारव्याला. चौदा मात्रांचा झुमरा इतक्या सावकाश चाललेला असतो की सम कधी येईल याची उत्कंठाही हळूहळू शांत होते. मारव्यात पंचम नाही, ऋषभ कोमल, आणि षड्जावर विसावायला गायक उत्सुक नसतो. तो त्याच्या आसपास घोटाळत राहतो, जवळ जातो, टाळतो, आणि श्रोत्याच्या मनात एक अस्वस्थ प्रतीक्षा तेवत ठेवतो. एखाद्या शहराला वेढा घालायचा असतो तेव्हा चित्ताची अवस्था हीच असावी लागते. शिवाय विलंबितात एक गोष्ट घडते, जिचे मर्म मला फार उशिरा उमगले. गवई कितीही दूर भटकला तरी तबलजी ठेका सोडत नाही. खोलीत कोणीतरी सतत मोजत असते. त्या मोजण्याच्या सोबतीने मीही मोजू लागतो. एका आवर्तनात एका पलटणीची विचारपूस होते, तिचे इंधन पाहिले जाते, तिच्या मागचा रूळ कुठवर आला ते पाहिले जाते, आणि समेवर तिला हुकूम मिळतो. मारवा हा वास्तविक सूर्यास्ताचा राग, आणि आमची युद्धे जेवणानंतरची. रात्री त्याऐवजी दरबारी लावावा असे शास्त्र सांगेल. शास्त्राला नमस्कार करून मी मारवाच लावतो.

सगळ्याच युद्धांना विलंबित मानवते असे मात्र नव्हे. २००९ सालच्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये मराठ्यांची सत्ता खेळायला घेता येते, त्यात काळ अठराव्या शतकाचा, आणि लढाई सुरू झाली की घोडदळ डोळ्यांदेखत उधळते, थांबवायला कोणी येत नाही. तेथे ख्याल लावणे म्हणजे घोड्याला ग्लानी आणणे. तेथे डफ-तुणतुण्यावरचा पोवाडाच हवा; आणि एखादा पेला तेथे चालून जातो, असे मी तटस्थपणे नमूद करतो.

एक गोष्ट मात्र मी कटाक्षाने टाळतो. लेनिनग्राडला वेढा घालणाऱ्या बाजूने खेळत असताना शोस्ताकोविचची सातवी सिंफनी मी लावीत नाही. ९ ऑगस्ट १९४२ रोजी त्या वेढलेल्या शहरात ती वाजवली गेली. कार्ल एलियासबर्ग हा संचालक होता. वादक इतके क्षीण झाले होते की त्यांना तालमींसाठी जादा शिधा द्यावा लागला, आणि कार्यक्रमात व्यत्यय येऊ नये म्हणून रशियन तोफांनी आधी जर्मन मोर्चांवर भडिमार करून ठेवला होता. ध्वनिक्षेपकांवरून ते संगीत शत्रूलाही ऐकवले गेले. त्याच्या आदल्या हिवाळ्यात त्या शहरातल्या बहुतेकांच्या वाट्याला दिवसाकाठी १२५ ग्रॅम पाव येत होता. आघाडीवरच्या सोव्हिएत सैनिकाला सरकारकडून रोज १०० ग्रॅम व्होडका मिळावी, असा आदेश ऑगस्ट १९४१ मध्येच निघाला होता. या दोन वजनांची मी शेजारी-शेजारी कल्पना करतो तेव्हा मेजावरच्या पेल्याकडे हात जात नाही. खेळ खेळावा की खेळू नये, हा वाद मी येथे उकरीत नाही. बुद्धिबळातही हत्ती-घोडे मरतातच. परंतु ज्यांची उपासमार आपण षट्कोणांत मांडतो, त्यांचेच गाणे पार्श्वसंगीत म्हणून ऐकावे, इतके निबर होणे मला जमत नाही, आणि ते जमू नये असेच मला वाटते.

राहिला प्रश्न स्नेह्यांचा. ते सध्या परगावच्या एका प्रतिस्पर्ध्याशी ई-मेलने खेळतात. खेळी पुरी करून एकदा धाडली की ती परत घेता येत नाही. अशा माणसासाठी एक जुनी तोड आहे, आणि ती हेरोडोटसने आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात नोंदवून ठेवली आहे. प्राचीन इराणी लोक महत्त्वाची मसलत मद्य पिऊन करीत. दुसऱ्या दिवशी ज्याच्या घरी बैठक झाली तो यजमान तोच निर्णय सर्वांपुढे शुद्धीवर असताना पुन्हा ठेवी, आणि तेव्हाही तो पसंत पडला तरच कायम होई, नाहीतर रद्द. शुद्धीवर ठरवलेली गोष्ट पुन्हा मद्याच्या अमलात तपासावी, असा उलटा शिरस्ताही त्यांच्यात होता, असे तो सांगतो. तो भाग मी स्नेह्यांच्या कानावर घातलेला नाही, कारण त्यांना तेवढाच लक्षात राहिला असता.

पहिला भाग त्यांना सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, पेल्यात पाणी घातले, आणि खेळी धाडून दिली. त्यांचे रणगाडे या घटकेला व्याझ्माच्या अलीकडे इंधनाची वाट पाहत उभे आहेत. वाचकांपैकी कोणाला हा नाद असेल तर त्याला माझी विनंती एवढीच की, रेल्वेची पथके आधी हलवावीत, मग बाटलीचे बूच काढावे, गाणे शब्दांचे लावू नये, आणि खेळी धाडण्याची कळ दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर दाबावी.