म्हातारपण निसर्गाचे, रांग व्यवस्थेची

पूर्वी आम्ही भेटलो की 'जय भीम'नंतरचा पहिला प्रश्न असायचा, "सभा कुठे आहे?" आता प्रश्न बदलला आहे. "साखर किती निघाली?" "गुडघ्याचे काय म्हणाले?" "पुढची तारीख कधीची दिली?" आम्ही म्हणजे ओतूर, नारायणगाव, जुन्नर, मंचर, घोडेगाव या पट्ट्यातल्या बौद्ध वस्त्यांमधले, साठी-पासष्टी ओलांडलेले स्त्री-पुरुष कार्यकर्ते. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला तेव्हा आम्ही तिशी-पस्तिशीत होतो. आज आमच्या पिशवीत पत्रके नसतात. रिपोर्ट असतात.

तरुण कार्यकर्ते म्हणतात, "आजारपण हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. त्यावर चळवळीने काय लिहायचे?" आमचे म्हणणे असे की लिहायलाच हवे. जो प्रश्न घरचा म्हणून बाजूला ठेवला जातो, त्याचा जाब कोणाला विचारावा लागत नाही. पाणवठ्याचा प्रश्नही एके काळी 'गावचा रिवाज' होता. १९२७ साली महाडला तो राजकीय प्रश्न झाला.

एका तारखेचा हिशेब

डॉक्टर कागदावर तारीख लिहितात. त्यांना त्यासाठी दोन सेकंद लागतात. त्या तारखेला आम्हाला काय काय लागते, ते सांगतो.

उपाशीपोटी रक्त द्यायचे असते. शहरातला माणूस सात वाजता लॅबमध्ये रक्त देतो आणि आठला नाश्ता करतो. आमची पहिली एसटी पकडायची तर पहाटे अंधारात निघावे लागते, आणि या दोन्ही तालुक्यांत उसाच्या कडेने अंधारात एकट्याने चालणे म्हणजे काय, हे बिबट्याच्या भागात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. म्हणून उजाडल्यावर निघायचे. गाडी बदलून पोहोचेपर्यंत दहा. केस पेपर, नंबर, रक्त देईपर्यंत साडेअकरा. मधुमेहाचा माणूस रात्री आठपासून उपाशी. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. आमच्यातल्या बायका आता पदराला साखरेची पुडी बांधूनच निघतात.

दुसरी गोष्ट कोणी उघड बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीला वारंवार जावे लागते. एसटीत सोय नाही. स्टँडवरच्या स्वच्छतागृहात जायचे तर नाक दाबून, आणि गुडघे धरलेल्या बाईला तिथे बसताही येत नाही. मग आमच्या बहिणी काय करतात? तपासणीच्या दिवशी सकाळची गोळीच घेत नाहीत, आणि पाणीही पीत नाहीत. दवाखान्यात प्रेशर मोजले की वाढलेले दिसते. डॉक्टर गोळी वाढवून देतात. गोळी कमी पडली नव्हती, संडास कमी पडला होता. पण केस पेपरवर संडासाची नोंद करायला जागा नसते.

तिसरा हिशेब पैशाचा. एसटीत ७५ वर्षांपुढच्यांना तिकीट नाही, ६५ ते ७५ वयाला अर्धे, बायकांना अर्धे. चांगली सवलत आहे, आम्ही ती घेतो. पण साठीच्या पुरुषाला पूर्ण तिकीट, सोबत येणाऱ्या मुलालाही पूर्ण तिकीट, आणि दोघांचाही रोज बुडतो. गोळी फुकट मिळाली तरी ती आणायला दोन माणसांची मजुरी जाते. आमच्यातल्या एका कार्यकर्त्याने हा हिशेब मांडला आणि प्रेशरची गोळी एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. महिन्याची पुडी दोन महिने पुरवायची, एक फेरी वाचवायची. नामांतराच्या मोर्चात पोलिसांच्या काठीला न वाकलेला हा माणूस. लकव्याने त्याची डावी बाजू गेली. लोक म्हणाले, वय झाले होते.

वय झाले होते हे खरे. पण लकवा वयाने आला की हिशेबाने?

बाबासाहेबांनी नाकारलेली गोष्ट

सिद्धार्थाने एके दिवशी म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस पाहिला आणि घर सोडले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ती कथा नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा आजारी माणूस पाहिलाच नसेल, हे बुद्धीला पटणारे नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. त्यांच्या ग्रंथातला सिद्धार्थ घर सोडतो तो रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेल्या संघर्षामुळे, म्हणजे माणसाने माणसाशी केलेल्या व्यवहारामुळे.

आम्ही हा मुद्दा तरुणपणी अभ्यासवर्गात शिकलो आणि शिकवला. त्याचा अर्थ खरा कळतोय तो आता, रांगेत उभे राहून. म्हातारपण अटळ आहे, त्यावर मोर्चा काढता येत नाही. पण म्हाताऱ्या माणसाला गोळीसाठी उपाशी उभे राहावे लागणे अटळ नाही. ती माणसाने केलेली व्यवस्था आहे, आणि माणसाने केलेले माणसाला बदलता येते. 'नशीब', 'भोग', 'वयोमान' हे शब्द कर्मसिद्धांताचेच मवाळ अवतार आहेत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांत ते दवाखान्याच्या वाटेने परत शिरू पाहतात.

आजारही सगळ्यांना सारखे म्हातारे करत नाही. ज्या बाईने चाळीस वर्षे दुसऱ्याच्या शेतात ओणवे राहून कांदा काढला, टोमॅटोची क्रेट उचलली, खुरपणी केली, तिचे गुडघे आणि मणके पन्नाशीतच सत्तरीचे होतात. मधुमेहाने पाय बधिर झाले की काटा घुसलेला कळत नाही. शेतात अनवाणी जाणाऱ्याला ती जखम दिसेपर्यंत चिघळते आणि बोट काढायची वेळ येते. जमीन कोणाकडे आणि मजुरी कोणाकडे हे जातीने ठरवले. आमच्या एक्स-रेमध्ये तो इतिहास दिसतो.

थर्मामीटर

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत नोंदवली आहे. बाळंतपणानंतर बायको तापाने फणफणली होती. डॉक्टर वस्तीत शिरायला तयार नव्हता. आला तेव्हा त्याने तिला हात लावला नाही. थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याकडे, नवऱ्याने बायकोकडे. ती बाई वाचली नाही. ही हकीकत १९२९ सालची.

आज थर्मामीटर हातोहात फिरत नाही, हे मान्य करू. संविधानाने आणि चळवळीने ते घडवले. पण नजर फिरते. एका खासगी दवाखान्यात आमच्यातल्या एका आयुष्यभर निर्व्यसनी कार्यकर्त्याला नाव, गाव, वस्ती विचारून झाल्यावर पहिला प्रश्न आला, "दारू किती घेता?" त्याच्या आधीच्या रुग्णाला हा प्रश्न विचारलेला आम्ही ऐकला नाही. दुसऱ्या एका ठिकाणी आमच्या बहिणीने गोळ्यांबद्दल दोनदा विचारले, तर "तुम्हा लोकांना सांगून उपयोग नाही" असे उत्तर मिळाले. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मी बालवाडी चालवली आहे. मला एकदा नीट सांगा, मी दहा जणींना सांगेन." चांगले वागणारे डॉक्टर, सिस्टर, आशाताईही आम्हाला भेटतात, त्यांच्यामुळेच आम्ही उभे आहोत. पण चांगुलपणा नशिबाने भेटण्याची गोष्ट असू नये.

योजना आहेत, पण गोळी कुठे आहे?

महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजना आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न लावता, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. हे सगळे घ्या, हक्काने घ्या.

पण नीट पाहा. कार्ड प्रामुख्याने भरती झाल्यावर कामाला येते. लकवा झाला, किडनी गेली, हृदयाची नळी बंद पडली की लाखांची दारे उघडतात. लकवा होऊ नये म्हणून रोज लागणारी साधी गोळी त्यात बसत नाही. म्हणजे माणूस पडेपर्यंत थांबा, पडला की खर्च करू. आणि कार्ड काढायला गेलो तर आयुष्यभर खुरपे धरून झिजलेला अंगठा मशीनवर उमटत नाही. ज्या अंगठ्यावर सावकाराने आमच्या बापजाद्यांच्या जमिनी घेतल्या, तोच अंगठा आता सरकारला ओळखू येत नाही. मग ओटीपी मागतात. तो जातो मुलाच्या मोबाईलवर, आणि मुलगा चाकणला ड्युटीवर, मोबाईल गेटवर जमा.

गावातल्या आरोग्य उपकेंद्राला आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' म्हणतात. नावाबद्दल आमचे मत काय असेल ते तुम्हाला माहीत आहे. पण आमचे भांडण पाटीपुरते नाही. डॉक्टरने एकदा उपचार ठरवून दिले की रक्तदाब-मधुमेहाच्या पुढच्या गोळ्या त्याच उपकेंद्रात, समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडून मिळाव्यात, हे धोरण सरकारचेच आहे. डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र हा निकषही सरकारचाच. आहुपे-भीमाशंकरच्या डोंगरातले महादेव कोळी आणि ठाकर बांधव आमच्याहून लांबून येतात. त्यांची आणि आमची मागणी एकच आहे: तारीख तालुक्याला तीन महिन्यांतून एकदा, गोळी गावात दर महिन्याला.

ही सेवा नाही, हक्क आहे

काही जण म्हणतील, हे समाजसेवेचे काम झाले, परिवर्तनाचे नाही. विनयपिटकातली गोष्ट आठवा. आजारी भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता, कोणी विचारत नव्हते. बुद्धांनी आनंदाला बरोबर घेऊन त्याला स्वतः धुतले आणि संघाला बजावले की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. ती उपदेशाची गोष्ट कमी, संघाच्या शिस्तीची जास्त. विनयपिटक हा संघाच्या नियमांचा ग्रंथ आहे. जुन्नरभोवती, लेण्याद्रीपासून मानमोडीपर्यंत, ज्या लेण्यांना आपण वंदन करतो तिथे भिक्खू म्हातारेही होत असतील, आजारीही पडत असतील. संघ त्यांच्यासाठीच होता.

आणि कायदाही आपल्या बाजूला आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २० सांगते की सरकारी रुग्णालयात ज्येष्ठांसाठी वेगळी रांग असावी. पश्चिम बंगालच्या एका शेतमजूर संघटनेच्या सदस्याला सरकारी दवाखान्यांनी दाखल करून घेतले नाही, त्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वेळेवर उपचार न देणे हा कलम २१ चा भंग आहे. हा निकाल शेतमजुरांनी लढून मिळवला.

बाबासाहेब आजारपणातही लिहीत राहिले, हे सांगून आमचे काही सहकारी दवाखाना टाळतात. बाबासाहेबांना मधुमेह होता, पाय दुखत, हे खरे. पण त्यांनी उपचार टाळले नाहीत. डॉक्टरांकडे गेले, औषधे घेतली, काळजी घेणाऱ्या माणसाची गरज लपवली नाही. त्याग आणि हेळसांड यांत फरक आहे.

तेव्हा तरुण मित्रांनो, आमच्यासाठी सत्कार ठेवू नका. शाल आमच्याकडे खूप झाल्या. त्याऐवजी हे करा.

आम्ही काही वाड्यांत सुरू केले आहे ते तुमच्या गावात करा. सगळ्यांनी एकाच दिवसाची तारीख मागायची, एका गाडीने जायचे, वाचता येणारा एक जण सोबत ठेवायचा. प्रत्येकाची एक फाईल, वर नाव, आजार, चालू गोळ्या. सकाळ-रात्रीच्या गोळ्यांसाठी दोन रंगांच्या पिशव्या. पंधरा जण एकत्र गेले की रांगेत कोणी ढकलत नाही.

ग्रामसभेत ठराव मांडा: उपकेंद्रात महिन्याच्या गोळ्या हव्यात, साठ्याची नोंद फळ्यावर हवी. ठरावाची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या. रुग्णालयात कलम २० ची वेगळी रांग नसेल तर लेखी मागा.

आणि चाकण, रांजणगावात कामाला असाल तर तुमची पगाराची स्लिप काढून बघा. महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असेल तर ईएसआयची कपात होत असेल. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याचा आदारकर अहवाल आला. त्यातूनच पुढे १९४८ चा कायदा झाला. ईएसआयमध्ये तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडीलही येतात. त्यांची नावे नोंदवली आहेत का? आम्ही विचारले तेव्हा बहुतेक पोरांना हे माहीतच नव्हते. बाबासाहेबांच्या काळात रुजलेला हक्क तुमच्या खिशात आहे आणि आई तालुक्याला उपाशी उभी आहे.

पुढच्या रविवारी बैठकीला याल तेव्हा आईवडिलांची फाईल घेऊन या. अजेंड्यावर पहिला विषय तोच ठेवला आहे.

जय भीम!