धाकटीच्या पावलांनी

प्रवासाला निघण्यापूर्वी माणूस मनातल्या मनात जो प्रवास करून येतो, त्याची नोंद कोणी ठेवीत नाही. वस्तुतः तोच पहिला प्रवास होय. त्याला तिकीट पडत नाही, त्यात ऊन लागत नाही, रांगेत उभे राहावे लागत नाही आणि कोणी रडतही नाही. म्हणूनच मनाचा प्रवास आणि पायांचा प्रवास यांत पुष्कळदा अंतर पडते. ते अंतर कमी करण्याच्या खटपटीला योजना असे म्हणतात. एकट्या माणसाला ही खटपट फारशी करावी लागत नाही. पिशवी खांद्याला अडकवली की तो मोकळा. परंतु घरातील लहान मुलांना घेऊन, आणि तेही पहिल्यांदाच, थीम पार्क पाहावयास जावयाचे ठरले, म्हणजे योजना हे एक स्वतंत्र शास्त्रच होऊन बसते.

थीम पार्क हे नाव नवे असले, तरी त्यामागची हौस जुनी आहे. आपल्याकडे गावोगावच्या जत्रांत रहाटपाळणे पिढ्यान्‌पिढ्या फिरत आले आहेत. डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगन येथे, 1843 साली तिवोली नावाचे करमणुकीचे उद्यान सुरू झाले. ते आजही चालू आहे. अमेरिकेत शिकागो येथे 1893 साली जागतिक प्रदर्शन भरले, तेव्हा जॉर्ज फेरिस या अभियंत्याने 264 फूट उंचीचे प्रचंड चक्र उभारून लोकांना थक्क केले. त्याच प्रदर्शनाच्या उभारणीत सुतारकाम करणाऱ्यांमध्ये एलायस डिस्ने नावाचे एक गृहस्थ होते. पुढे त्यांच्या मुलाने, वॉल्ट डिस्ने यांनी, चित्रपटांच्या क्षेत्रात मोठे नाव मिळवले.

वॉल्ट डिस्ने यांना दोन मुली होत्या. सुट्टीच्या दिवशी ते त्यांना लॉस एंजेलिस शहरातील ग्रिफिथ पार्कमध्ये घेऊन जात. मुली फिरत्या घोड्यांवर बसत आणि वडील बाकावर बसून शेंगदाणे खात त्यांच्याकडे पाहत राहत. मुलांनी खेळावे आणि आईबापांनी नुसते बसून राहावे, असे का? दोघांनाही एकत्र आनंद घेता येईल असे एखादे ठिकाण का असू नये? बाकावर बसल्या बसल्या आलेला हा विचार डिस्नेलँडचे बीज ठरला, असे ते स्वतः सांगत असत. कॅलिफोर्नियातील अनाहाइम या गावी संत्र्यांच्या बागांची 160 एकर जमीन घेण्यात आली, आणि अवघ्या एका वर्षात उद्यान उभे करून 17 जुलै 1955 रोजी ते उघडण्यात आले. त्याच्या प्रत्येक भागाला स्वतंत्र कथा होती. कोठे जुने गाव, कोठे घनदाट अरण्य, तर कोठे उद्याचे जग. बाहेरचे रस्ते आणि घरे आतून दिसू नयेत, म्हणून भोवती मातीचा उंच बांध घातलेला होता. आत शिरणाऱ्याने काही काळ त्या कथेतच राहावे, हा त्यामागचा हेतू.

इतकी बारीक योजना करूनही पहिला दिवस मात्र फसला. बनावट तिकिटे घेऊन अपेक्षेबाहेर माणसे आत शिरली. दिवस कडक उन्हाचा होता. नुकत्याच केलेल्या रस्त्यांचे डांबर इतके मऊ होते की, त्यात स्त्रियांच्या उंच टाचा रुतू लागल्या. नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याची सोय पुरी झालेली नव्हती. परीकथेतला राजवाडा डौलाने उभा होता आणि त्याच्यासमोर तहानलेली मुले पाण्यासाठी हिंडत होती! राजवाड्यापूर्वी पाण्याचा विचार करावा लागतो, हा धडा त्या दिवसाने सर्वांना दिला. सहलीचा बेत आखणाऱ्या कोणत्याही कुटुंबाने हा धडा गिरवण्यासारखा आहे.

ही उद्याने आपल्या देशातही आली. दिल्लीत 1984 साली अप्पू घर सुरू झाले आणि 2008 पर्यंत ते चालले. मुंबईजवळ गोराई येथे 1989 साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. खाडी ओलांडून तेथे जाण्यात मुंबईच्या मुलांच्या एका पिढीला केवढा पराक्रम वाटे! पुढे 2013 साली रायगड जिल्ह्यात, खोपोलीजवळ, इमॅजिका हे थीम पार्क उभे राहिले. तेथील ‘नायट्रो’ नावाची सुमारे 40 मीटर उंचीची रोलर कोस्टर दुरूनच दिसते, आणि ती पाहताच मोठ्या मुलांची छाती आनंदाने व थोड्याशा भीतीने धडधडू लागते.

या खोपोलीच्या सहलीचा बेत साताऱ्यातील एका घरी शिजू लागला. घरात माणसे पाच : आई, वडील, आजी, बारा वर्षांचा थोरला आणि पाच वर्षांची धाकटी. वडिलांनी वर्षभर दरमहा थोडी थोडी रक्कम बाजूला टाकली होती. दिवाळीची सुट्टी जवळ आली, तेव्हा बेत आखण्याचे काम थोरल्याने आपण होऊन अंगावर घेतले. दोन दिवस खपून त्याने वहीच्या पानावर एक तक्ता तयार केला. पहाटे दोनला साताऱ्याहून प्रस्थान, उद्यान उघडताच प्रवेश, प्रत्येक खेळाला 15 मिनिटे, एकूण खेळ 24, आणि रात्रीच परत. तक्ता इतका नेटका होता की वडिलांनी तो कौतुकाने दोनदा वाचला.

आईनेही तो वाचला आणि शांतपणे विचारले, “यात रांग कोठे आहे?”

थोरला गोंधळला. रांग त्याने धरलीच नव्हती.

“जेवण कोठे आहे? आजीने गुडघे टेकायचे कोठे? आणि दुपारी धाकटीला झोप आली, तर तिने कोणत्या खेळात झोपायचे?”

सगळे हसले, थोरला मात्र हिरमुसला. तेव्हा आजी म्हणाली, “बाळ, आम्ही जत्रेला बैलगाडीने जात असू. बैल दमदार असले तरी गाडी भरधाव सोडीत नसत. गाडीत तान्हे मूल आहे की नाही, हे आधी पाहत आणि मग बैल हाकीत.”

आजीच्या त्या वाक्याने जुना तक्ता रद्द झाला आणि नवा तयार होऊ लागला. सुट्टीच्या आरंभी सर्वत्र झुंबड उडते, म्हणून शेवटचा आठवडा आणि त्यातही मधला वार निवडण्यात आला. आदल्या दिवशी निघून, बोरघाट उतरून, खोपोलीत मुक्काम करावयाचा. म्हणजे मुले ताज्या अंगाने सकाळी आत जातील. अधिक गर्दीचे खेळ सकाळी लवकर, दुपारच्या उन्हात सावलीतले खेळ, आणि जेवणानंतर तासभर काहीच नाही. तो तास थोरल्याच्या डोळ्यांत खुपत होता. परंतु पोटभर जेवून लगेच गरगर फिरणाऱ्या पाळण्यात बसले म्हणजे काय होते, हे वडिलांनी रंगवून सांगितले. आपल्या कानाच्या आतल्या भागात शरीराचा तोल सांभाळणारे एक इंद्रिय असते. कान सांगतो एक आणि डोळे सांगतात दुसरे, असे झाले की माणसाला मळमळू लागते. तेव्हा तो रिकामा तास थोरल्याने मुकाट्याने मान्य केला.

खरी अडचण पुढे आली. मोठ्या खेळांच्या दाराशी उंचीची खूण असते आणि तिच्याखाली असणाऱ्या मुलाला आत सोडीत नाहीत. वडिलांनी दाराच्या चौकटीशी दोघांनाही उभे करून पेन्सिलीने रेघा मारल्या. थोरला बसला, धाकटी फारच खाली राहिली. तिने टाचा उंचावून पाहिल्या, आईकडून डोक्यावर उंच अंबाडाही बांधून घेतला. तरी रेघ वर सरकेना. “दादाच्या गाडीत मी पण बसणार,” असे म्हणता म्हणता तिचे डोळे भरून आले.

थोरल्याला तिची दया आली. “बाबा, ज्या खेळात थोडेसेच कमी पडेल, तिथे हिला जाड तळव्याचे बूट घातले तर?”

वडील गंभीर झाले. “बुटांनी ती खुणेपर्यंत पोहोचेल, पण बसल्यावर अंगाला घट्ट धरणारा तो दांडा बुटांसाठी केलेला नाही, शरीरासाठी केलेला आहे.” मग त्यांनी रोलर कोस्टरचे मर्म समजावून सांगितले. अशा बहुतेक गाड्यांना स्वतःचे इंजिन नसते. साखळी त्यांना पहिल्या चढाच्या माथ्यावर ओढून नेते. तेथून पुढे त्या केवळ गुरुत्वाकर्षणाच्या बळावर धावतात. वळणावर आणि उतारावर बसणाऱ्याचे शरीर कधी बाजूला, तर कधी आसनावरून वर फेकले जाऊ पाहते. त्या वेळी त्याला जागेवर धरून ठेवतो तो हा दांडा. शरीर लहान असले तर मधे फट राहते, आणि त्या फटीतून मूल निसटू शकते. “म्हणून ती खूण आपल्या आनंदाच्या आड येणारी नव्हे,” वडील म्हणाले, “ती आपल्या धाकटीची राखण करणारी आहे.”

थोरल्याने तक्ता पुन्हा पुढे ओढला. आता त्याने दोन रकाने आखले : सर्वांनी मिळून खेळावयाचे खेळ, आणि मोठ्यांनी आळीपाळीने खेळावयाचे खेळ. एकजण वर जाईल तेव्हा दुसरा धाकटीपाशी थांबेल. याशिवाय पाण्याच्या बाटल्या, टोप्या, जादा कपडे, आजीची औषधे यांची यादी झाली. चुकामूक झाल्यास सर्वांनी कोठे जमावयाचे ते ठरले, आणि वडिलांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी धाकटीच्या खिशात घालण्याचे काम थोरल्याकडे आले. सकाळी निघताना मुलांचे एक छायाचित्र घ्यावे, असे आईने सुचविले. मूल हरवले म्हणजे त्याने कोणते कपडे घातले होते, हे घाबरलेल्या माणसाला आठवत नाही.

ठरल्या दिवशी मंडळी उद्यानात पोहोचली. तक्त्याप्रमाणे सकाळ छान गेली. थोरला वडिलांबरोबर मोठ्या कोस्टरवर जाऊन आला, तेव्हा त्याचे केस उभे राहिले होते आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. दुपारचा रिकामा तास सर्वांनाच गोड वाटला. धाकटी आजीच्या मांडीवर झोपली. उठल्यावर ती फिरत्या घोड्यांवर जाऊन बसली. एक फेरी झाली, तिला दुसरी हवी होती. दुसरीही झाली. तक्त्याप्रमाणे आता पुढच्या खेळाच्या रांगेत उभे राहावयाचे होते, आणि रांग तर वाढत चालली होती.

“दादा, आणखी एकदा!” धाकटी घोड्याच्या मानेला मिठी मारून म्हणाली.

थोरल्याने हातातल्या कागदाकडे पाहिले. कितीतरी खेळ अजून बाकी होते. वर्षभर साठवलेल्या पैशांचे हे तिकीट, आणि एकाच घोड्याच्या तीन फेऱ्या! त्याने क्षणभर वडिलांकडे पाहिले. वडील काहीच बोलले नाहीत. मग त्याने कागदाची घडी घातली, ती खिशात ठेवली आणि तो धाकटीच्या शेजारच्या घोड्यावर जाऊन बसला. बारा वर्षांच्या मुलाला तो घोडा लहान होता. त्याचे पाय जवळजवळ खाली टेकत होते. पण धाकटीला त्याचे काय? जी गाडी तिला वर्ज्य होती, तिच्यात दादाबरोबर बसता आले नव्हते. आता मात्र दादा तिच्या शेजारी होता, आणि दोन घोडे बरोबरीने धावत होते.

संध्याकाळी मोजले तेव्हा चोवीस खेळांपैकी अकराच झाले होते. पण त्या दिवशी कोणी तहानेले राहिले नाही, कोणी हरवले नाही, आणि आजीसुद्धा परतीच्या वाटेवर गाणे गुणगुणत होती. उरलेल्या तेरा खेळांचे कोणालाच वाईट वाटले नाही.

योजना करणे म्हणजे केवळ वेळापत्रक आखणे नव्हे. आपल्याबरोबर कोण कोण आहे, कोणाचे पाय केवढे आहेत आणि कोणाला कशाची भीती वाटते, याचा आधी केलेला प्रेमळ विचार म्हणजे योजना. जो सर्वांत पुढे धावू शकतो त्याच्या वेगाने बेत आखला, तर मागचे दमतात, रडतात, मागेच राहतात. सर्वांत धाकट्याच्या पावलांनी चालले, तर खेळ कदाचित थोडे कमी होतील. पण मुक्कामाला पोहोचतील ती सगळी माणसे बरोबर असतील. आणि सहलीला निघताना सगळ्यांनी मिळून जावे, हीच तर पहिली इच्छा असते!