एका बरणीतली दोन वयं

दिवाळी सरली की माजलगावातल्या घरांमधून उरलेलं उटणं फडताळात जातं. एका घरी ते काचेच्या बरणीत खिडकीपाशीच राहून गेलं. काही आठवड्यांनी पाहिलं तर उजेडाकडची बाजू फिकी, मातकट झालेली; भिंतीकडची मात्र नरक चतुर्दशीच्या पहाटे होती तशीच पिवळीधमक. एकाच दिवशी कुटलेलं, एकाच बरणीत भरलेलं उटणं, आणि त्याला दोन वयं!

हळदीला रंग देणारं कर्क्युमिन उजेडात विटतं, हे त्याचं साधं कारण. वाळा, कपूरकाचरी, नागरमोथा यांचा वास बाष्पशील तेलांचा असतो. ती तेलं उन्हानं आणि हवेनं उडून जातात. म्हणून गुलाबाच्या पाकळ्या सावलीतच वाळवायच्या. डाळीच्या पिठाची तऱ्हा आणखी वेगळी. त्यातला स्निग्धांश खवट होतो, वर कीड लागते. जाणत्या बायका पीठ वेगळं ठेवतात आणि न्हायच्या वेळीच मिसळतात, ते अगदी योग्य आहे.

टिकवण्यासाठी उटण्यात काहीतरी घालावं लागतं, हा समज मात्र सोडायला हवा. तशी द्रव्यं लागतात ती पाणी असलेल्या क्रीमला. कोरड्या चूर्णात जंतू वाढत नाहीत. पदार्थातल्या पाण्याची क्रियाशीलता ०.६ च्या खाली असली की बुरशीचंही काही चालत नाही. पण जंतू मेलेले नसतात, थांबलेले असतात. न्हाणीतला एक ओला हात डब्यात गेला की पुरे.

शार्ङ्गधर संहितेत चूर्णाचं वीर्य दोन महिन्यांत कमी होतं, असं सांगितलं आहे. काष्ठं मात्र अख्खी असली की कितीतरी अधिक टिकतात. कुटलं की प्रत्येक कणाला हवा लागते.

अख्खं, अंधारात आणि हवेविना ठेवण्याची सर्वांत देखणी रीत सांगलीजवळच्या हरिपूरला होती. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हे गाव हळदीच्या पेवांसाठी ओळखलं जाई. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार, तोंड अरुंद आणि पोट मोठं. तिथली माती अशी की भिंती ढासळत नसत. हळकुंडं भरून तोंड मातीनं लिंपलं की आतला प्राणवायू हळूहळू संपायचा, कर्बवायू साठायचा आणि हळद पोखरणारा भुंगेरा गुदमरून मरायचा. ना औषध, ना धुरी. अशी हळद वर्षानुवर्षं राहायची. पेव उघडल्यावर लगेच आत उतरणं मात्र जिवावरचं काम. आतला वायू बाहेर जाईपर्यंत वाट पाहावी लागे. मराठवाड्यातही ज्वारी पेवातच असायची, त्यामुळे माजलगावच्या जुन्या माणसांना हे नवल वाटणार नाही. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं, हळदीची नासाडी झाली आणि व्यापार शीतगृहांकडे वळला. शीतगृहं सोयीची खरी. पण विजेवाचून चालणारं एवढं पक्कं शास्त्र मागे पडलं, याची हळहळ वाटते.

घरात पेव कुठून आणायचं? घट्ट झाकणाचा स्टीलचा छोटा डबा त्याच्या बराच जवळ जातो. छोटा अशासाठी, की मोठा डबा अर्धा रिकामा झाला की उरलेल्या जागेत हवाच भरते. मिरचीच्या तिखटात हिंगाचा खडा टाकतात तसा उटण्यात टाकू नये, सगळा सुगंध मारून टाकेल. बाजारातली रंग आणि अत्तर मिसळलेली पाकिटं वर्षभर तशीच घमघमतात. वाळ्याचा वास ज्याला ठाऊक आहे त्याला ती नकोशी होतात.

उटण्यासारखीच जपावी लागते ती न्हाण्याची शिकेकाई. तिचं दळण गिरणीवर शेवटी घ्यावं लागतं, नाहीतर पुढच्याच्या पिठात ती उतरते आणि शिंकांनी सगळे हैराण होतात. घरी आणल्यावरही ती कोमट असते. तशीच डब्यात भरली तर झाकणाला आतून घाम सुटतो आणि वरचा थर गोळे धरतो. आधी परातीत पसरायची, पूर्ण गार होऊ द्यायची, मग भरायची. रिठ्याच्या पुडीलाही हेच लागू, फक्त रिठा आणखी भराभर ओल ओढतो.